पाऊल चुकलं की कोण सांगतं? नाचात इतिहास कसा टिकतो

जपानमध्ये उन्हाळ्यात बोन नावाचा पूर्वजांच्या स्मरणाचा सण असतो. मोकळ्या जागेत मधोमध उंच मचाण उभारतात, वर ढोल वाजतो आणि माणसं मचाणाभोवती फेर धरतात. त्या फेरात एक नाच हमखास येतो, ‘तान्को बुशी’. तान्को म्हणजे कोळशाची खाण. नाच अगदी सोपा. हातात फावडं धरल्यासारखं करून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला खणायचं. खणलेलं खांद्यावरून मागे टाकायचं. मग कपाळाशी आडवा हात धरून चंद्राकडे बघायचं. दोन्ही तळव्यांनी कोळशाची गाडी ढकलायची, हात उघडायचे, टाळी वाजवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे गाणं क्यूशू बेटावरच्या फुकुओका भागातल्या खाणकामगारांचं. त्यात मीइके या खाणीचं नाव येतं. ती खाण १९९७ मध्ये बंद झाली. आज फेरात नाचणाऱ्या बहुतेकांनी कोळशाची खाण आतून कधी पाहिलेली नाही. हवाईत आणि कॅलिफोर्नियात जाऊन राहिलेल्या जपानी कुटुंबांची पतवंडंही हाच नाच नाचतात, आणि त्यांतल्या अनेकांना गाण्याचे शब्द कळत नाहीत. तरी हात बरोबर खणतात.

या नाचातून काय कळतं आणि काय कळत नाही, ते आधी बघू. १९६३ मध्ये मीइके खाणीत स्फोट होऊन ४५८ माणसं गेली. हा आकडा कागदोपत्री आहे, नाचात नाही. मालक कोण होता, मजुरी किती होती, संप कधी झाला, यातलं काहीच नाचातून कळणार नाही. पण खणताना अंग कसं वळतं, ओझं कुठून कुठे जातं, गाडीला जोर देताना पाय कुठे रोवावा लागतो, हे त्या कागदांत शोधून सापडायचं नाही. तारखा आणि आकडे नाचात टिकत नाहीत. टिकतं ते माणसाचं अंग: ते कसं राबलं, कोणापुढे वाकलं, कोणाच्या शेजारी उभं राहिलं.

‘पारंपरिक नाच समाजाचा इतिहास जपतात’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते खरं आहे का, आणि खरं असेल तर नेमकं घडतं कसं, हे विचारायचंच राहून जातं. कागद ओलावला तर फाटतो, दगड झिजतो. मग हवेत क्षणभर उमटून विरणारी हालचाल शेकडो वर्षं कशी टिकेल?

मराठीत दोन शब्द आहेत, तोंडपाठ आणि अंगवळणी. तोंडपाठ ते सांगता येतं. अंगवळणी पडलेलं फक्त करून दाखवता येतं. भाषेनं केव्हाच ओळखलेला हा फरक प्रयोगशाळेत स्पष्ट दिसला तो गेल्या शतकात. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन तरुणाला फेफरं येत असे. १९५३ मध्ये त्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूचा काही भाग काढला, आणि त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण ठरेनाशी झाली. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला नवखा वाटे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेनं त्याला एक काम दिलं: हाताकडे न बघता, आरशातल्या प्रतिबिंबाकडे बघत ताऱ्याची आकृती गिरवायची. हे कोणालाही सुरुवातीला जमत नाही, त्यालाही जमलं नाही. पण दिवसागणिक त्याचा हात बसत गेला. आपण हे काम पूर्वी कधी केलं आहे, हे मात्र त्याला एकदाही आठवलं नाही. घटना लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी आणि हाताला वळण लावणारी वेगळी, हे त्यातून दिसलं. नाच या दुसऱ्या स्मृतीत राहतो. म्हणूनच नाव-गाव विसरलेल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय ठेका ऐकला की आपोआप नाचायला लागतात.

पण एका माणसाचं अंगवळण त्याच्याबरोबरच संपतं. समाजाचा इतिहास टिकायचा तर ते दुसऱ्याच्या अंगात उतरलं पाहिजे, आणि उतरताना फारसं बिघडता कामा नये. इथे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा माणूस नाचणारा नसतो. महत्त्वाचा असतो तो पाऊल चुकल्यावर ‘असं नाही, असं’ म्हणणारा. तो आहे तोवर इतिहास आहे.

हवाई बेटांवर हे फार स्पष्ट दिसतं. तिथल्या लोकांकडे १८२० च्या दशकापर्यंत लिपी नव्हती. राजघराण्यांच्या वंशावळी, कुठल्या डोंगरावर कुठला वारा वाहतो त्याचं नाव, कोण कुठून कोणत्या बेटावर आलं, हे सगळं ‘मेले’ म्हणजे पठणगीतांत होतं, आणि त्यांपैकी अनेक गीतांवर हुला नाचला जाई. पर्यटकांच्या जाहिरातींत दिसणारा कंबर हलवण्याचा प्रकार म्हणजे हुला नव्हे. जुन्या हुलात गीत आधी, हालचाल नंतर. शब्दाशिवाय हुला नाही. हात शब्दांचा अर्थ दाखवतात, पाय ठेका धरतात, आवाज पठण करतो. म्हणजे एकाच मजकुराला तीन कुलपं. शब्द निसटला तर हाताच्या खुणेवरून आठवतो. खूण निसटली तर शब्द ती परत आणतो. दोन्ही निसटली तरी ठेक्यातली रिकामी जागा सांगते की इथे काहीतरी होतं. आणि समोर कुमू, म्हणजे गुरू, बसलेला असतो.

या व्यवस्थेची कसोटी लगेच लागली. १८३० मध्ये नुकतीच ख्रिस्ती झालेली राज्यकारभारी राणी काआहुमानू हिनं जाहीर हुलावर बंदी घातली. दूरच्या गावांत, घरांच्या आड शिकवणं चालू राहिलं. १८८३ मध्ये राजा कालाकाउआनं आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात हुला पुन्हा उघडपणे राजवाड्याच्या आवारात आणला. त्या हुलाच्या कार्यक्रमपत्रिकेत अश्लील मजकूर असल्याचा ठपका ठेवून ती छापणाऱ्यावर खटला भरला गेला. पुढे १८९३ मध्ये राज्यच उलथवलं गेलं आणि १८९६ च्या कायद्यानं शाळांत इंग्रजी सक्तीची झाली. दोन-तीन पिढ्यांत घराघरांतून हवाईयन भाषा ओसरली. अशा काळात अनेकांसाठी ही भाषा तोंडातून निघण्याची एक जागा उरली होती, हुलाची शाळा. १९७० च्या दशकात भाषा पुन्हा उभी करण्याची चळवळ सुरू झाली, तेव्हा हुलातल्या गीतांचं हे धन हाताशी होतं. हिलो शहरात दर वर्षी होणारा मोठा हुला महोत्सव आजही त्याच राजाच्या टोपणनावानं भरतो.

काही समाजांत तर नाच म्हणजे सरळ दस्तऐवज असतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व लोकांची पॉटलॅच नावाची प्रथा घ्या. बाहेरच्यांनी तिचं वर्णन बहुधा ‘संपत्ती वाटून टाकण्याचा समारंभ’ असं केलं, आणि त्यात मर्म हुकलं. तिथे प्रत्येक घराण्याच्या मालकीचे नाच असतात. कोणता मुखवटा कोणी घालायचा, कोणतं गाणं कोणाचं, हे वारशानं, लग्नानं ठरतं. त्या नाचात घराण्याचा मूळपुरुष कुठे उतरला, त्याला कोण भेटलं, कुठल्या नदीवर त्याचा हक्क, हे येतं. कोणी नवं नाव घेतलं, कोणाचा वारसा दुसऱ्याकडे गेला, की तो नाच सगळ्यांसमोर नाचून दाखवायचा. बोलावलेले पाहुणे प्रेक्षक नसतात, साक्षीदार असतात. त्यांना मिळणाऱ्या भेटवस्तू म्हणजे साक्षीचा मोबदला. ‘आम्ही पाहिलं, आम्ही लक्षात ठेवू’ असा तो करार. उद्या कोणी खोटा हक्क सांगितला तर हेच लोक उठून म्हणणार, हा नाच तुझा नाही. आमच्याकडे नोंदणी कचेरीत जे काम शिक्का करतो, ते तिथे शेकडो डोळे करत.

कॅनडाच्या सरकारनं १८८४ मध्ये कायदा करून ही प्रथा गुन्हा ठरवली. १९२१ च्या हिवाळ्यात एका लहान बेटावर चोरून मोठा पॉटलॅच झाला. बातमी फुटली, माणसं पकडली गेली, काहींना तुरुंग झाला आणि मुखवटे, ढोल, ढालीच्या आकाराचे तांब्याचे मौल्यवान पत्रे जप्त होऊन संग्रहालयांत गेले. बंदी उठली १९५१ मध्ये. वस्तू परत मिळवायला त्यानंतरही पंचवीसहून जास्त वर्षं भांडावं लागलं. १९८० मध्ये अलर्ट बे इथे त्या ठेवण्यासाठी उमिस्ता नावाचं केंद्र उघडलं. पूर्वी शत्रूनं पळवून नेलेलं माणूस सुटून घरी आलं की त्या परतण्याला उमिस्ता म्हणत. मुखवट्यांना त्यांनी हाच शब्द लावला. काचेच्या कपाटात मुखवटा सुरक्षित होता, हे खरं. पण तो कोणी घालायचा आणि घातल्यावर कुठल्या पायावर वळायचं, हे कपाटाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेली माणसं साठ-सत्तर वर्षं लपून शिकवत राहिली म्हणून परत आलेल्या लाकडाला अर्थ उरला.

बंदी नाचाला नेहमी मारतेच असं नाही. कधीकधी ती नाचातच कोरली जाते, आणि मला या विषयातला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात गुलामांनी बंड केलं. त्यात ढोल वाजवून साथीदार गोळा केले होते, म्हणून पुढच्याच वर्षीच्या कायद्यानं गुलामांच्या ढोलांवर बंदी आली. अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर गल्ला-गीची लोकांचा, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांचा, ‘रिंग शाउट’ हा प्रकार आजही जिवंत आहे. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं रिंगण फिरतं. ढोल नाही, कोणीतरी काठीनं लाकडी जमिनीवर ठेका धरतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. शिवाय पाय एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत, फरपटत सरकवायचे. कारण चर्चच्या शिकवणीत नाचणं पाप होतं, आणि पायात पाय ओलांडला की तो नाच ठरे. सरकला तर ती प्रार्थना. या एका रिंगणात किती थर आहेत बघा. उलटी दिशा आफ्रिकेतल्या जुन्या रिंगणांशी जोडली जाते. काठी ढोलबंदीची आठवण देते. सरकणारे पाय नव्या धर्माशी केलेली तडजोड दाखवतात. कोणी चुकून पाय ओलांडला तर वडीलधारी त्याला टोकत. ते टोकणं म्हणजेच इतिहासाचा धडा होता, जरी त्या क्षणी कोणाला तसं वाटलं नसेल.

झिंबाब्वेमधल्या झेझुरू शोना लोकांच्या नाचाची कथाही अशीच. मूळ नाव म्बेन्दे. तो सुफलतेशी जोडलेला नाच, म्हणून मिशनऱ्यांना खटकला. लोकांनी त्याला नाव दिलं ‘जेरुसारेमा’, जेरुसलेमवरून. नाव बायबलातलं, नाच आपला. आज दोन्ही नावं जोडून घेतात, आणि नुसतं नाव उच्चारलं तरी संकट आणि त्यावरची युक्ती दोन्ही कळतात.

आता एक अडचणीचा प्रश्न. नाचात इतिहास असतो, पण कोणाचा? ग्वातेमालामध्ये याची दोन उदाहरणं एकाच देशात सापडतात. राबिनाल गावात जानेवारीत ‘राबिनाल आची’ हे नृत्यनाट्य होतं. युरोपीय लोक येण्याआधी, पंधराव्या शतकात, राबिनाल आणि किचे या दोन माया राज्यांत झगडा झाला होता, त्याची ही कथा. किचे योद्धा पकडला जातो, राजापुढे उभा केला जातो, आपल्या पराक्रमाचं आणि अपराधाचं वर्णन करतो, शेवटी मारला जातो. शत्रूलाही इथे पुरेपूर बोलू दिलं जातं. त्याच देशात दुसरा नाच आहे, ‘विजयाचा नाच’. त्यात १५२४ मध्ये स्पेनचा पेद्रो दे आल्व्हारादो आणि किचे लोकांचा वीर तेकून उमान यांची लढाई येते. गोरे-गुलाबी, सोनेरी केसांचे मुखवटे घालून स्पॅनिश झालेले माया नाचणारे जिंकतात आणि शेवटी सगळे ख्रिस्ती धर्म स्वीकारतात. हा नाच वसाहतीच्या काळात, जेत्यांच्या सोयीचा म्हणून रुजला. मग तो टाकून द्यावा का? मला तसं वाटत नाही. पराभव दर वर्षी नाचून दाखवण्यात मेलेल्या वीराचं नावही दर वर्षी उच्चारलं जातं, आणि गोऱ्या मुखवट्यामागून बघणारे डोळे माया माणसाचेच असतात. पण ‘पारंपरिक आहे म्हणजे आमच्या पूर्वजांनी स्वेच्छेनं केलेलं आहे’ असं धरून चालता येत नाही, एवढं यातून शिकावं.

दुसरी सावधगिरी: नाच एक सांगतो आणि नाचाबद्दलची गोष्ट दुसरंच. कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री बायका हात धरून ‘गांगगांगसुल्ले’ हा फेर धरतात. लोक सांगतात की १५९० च्या दशकात जपानी आक्रमण झालं तेव्हा सेनापती ई सुन-शिननं बायकांना डोंगरावर फेर धरायला लावला, म्हणजे दुरून शत्रूला सैन्य मोठं वाटेल. गोष्ट झकास आहे. पण अभ्यासकांना हा फेर त्याहून खूप जुना, पीक आणि पौर्णिमेच्या विधींतला वाटतो. मग गोष्ट खोटी म्हणायची? त्या युद्धाचा घाव इतका खोल होता की आधीपासून असलेल्या नाचाला त्याची आठवण चिकटली, असं वाचलं तर तीही एक नोंदच आहे. फक्त ती युद्धाची नोंद म्हणून वाचायची की युद्धानंतरच्या मनाची, हे ठरवावं लागतं.

इतकं सगळं टोकणाऱ्या माणसावर टेकलेलं असेल, तर तो माणूसच नाहीसा झाला तर? कंबोडियात हे घडलं.

तिथल्या राजदरबारी नृत्यात मुलींना लहानपणीच एका भूमिकेसाठी निवडत: स्त्री, पुरुष, राक्षस किंवा माकड. जन्मभर तीच भूमिका, त्याच भूमिकेची गुरू. बोटं मागे वळावीत म्हणून ती रोज दाबून लवचीक करायची. १९७५ मध्ये ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट बंडखोर सत्तेवर आले, शहरं रिकामी करून माणसांना शेतांवर राबवलं. नर्तकी राजवाड्याच्या, म्हणून संशयित. १९७९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा कलावंतांपैकी दहातले आठ-नऊ जण मेले होते, असा अंदाज सांगतात. वाचलेल्या एकेक करत नॉम पेन्हला परतल्या. त्यांत चेआ सामी होत्या, लहानपणी राजवाड्यात आलेल्या ज्येष्ठ नर्तकी. या संहारामागचा पोल पॉट हा त्यांच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ. आपल्या दिराच्या राजवटीनं जे पुसलं ते त्या पुन्हा शिकवायला बसल्या.

काम सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण त्या शिक्षणपद्धतीतच होतं. राक्षसाची भूमिका करणारीला राक्षसाची पावलं अंगवळणी, स्त्रीची नाहीत. एका नाचाचे तुकडे वेगवेगळ्या अंगांत राहिलेले, आणि त्यातली कित्येक अंगं गेलेली. वाचलेले वादक धून वाजवत, धून ऐकून हात हलत, हात हलले की पुढचं पाऊल आठवे. कोणी म्हणे असं, कोणी म्हणे तसं नव्हे. या वादातून नाच पुन्हा जुळत गेला. १९८१ मध्ये कलाशाळा उघडली. त्याच सुमारास थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावण्यांतही काही जणी मुलींना शिकवत होत्या. २००३ मध्ये युनेस्कोनं या नृत्याला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं.

यात एक गोष्ट सांगायलाच हवी. या परंपरेचा चेहरा म्हणून जगभर छापला जाणारा ‘अप्सरा नृत्य’ हा प्रकार हजार वर्षांचा नाही. अंगकोर वाटच्या भिंतींवरच्या बाराव्या शतकातल्या अप्सरांवरून प्रेरणा घेऊन राणी कोसामाकनं तो विसाव्या शतकाच्या मध्यावर बसवला, आणि तिची नात राजकन्या बुप्फा देवी त्यात पहिली चमकली. हे कळल्यावर काहींचा विरस होतो. मला उलट बरं वाटतं. शिल्प दगडात स्थिर होतं. ते चालायला लागलं ते दरबारातल्या जिवंत अंगांमुळे.

नुसत्या दगडाचं काय होतं, ते तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दिसतं. सुमारे १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिरात नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे हातापायांच्या ठरलेल्या हालचालींपैकी, ८१ कोरलेली आहेत. उरलेल्यांचे दगड कोरे राहिले. आणि कोरलेली ८१ सुद्धा काय दाखवतात? हालचालीतला एक क्षण. त्या क्षणाआधी पाय कुठून आला, श्वास कुठे सोडला, हे शिल्पाला सांगता येत नाही. ती करणं पुन्हा हलती करायला नर्तकांनाच अभ्यास करून ती आपल्या अंगात शोधावी लागली. १९२८ मध्ये रुडॉल्फ लाबाननं हालचाल लिहिण्याची लिपी काढली, ती यापेक्षा खूपच पुढची आहे. पण ती वाचणारेही थोडेच.

मग चित्रीकरण? ते जरूर करावं, आणि वेळेत करावं. पण चित्रफीत एका दिवशीचा एक नाच दाखवते. त्यात कुठली हालचाल पक्की आणि कुठली त्या नाचणारीची स्वतःची लकब, हे शिकणाऱ्याला कळत नाही. ती चुकलेल्याला थांबवत नाही. रंगमंचावर तर आणखी एक गोष्ट बिघडते आणि ती चटकन लक्षात येत नाही. गोल फेर उघडून अर्धवर्तुळ होतो, कारण तोंड प्रेक्षकांकडे हवं. तासन्‌तास चालणारा नाच दहा मिनिटांत बसवतात. वेळ कमी झाली याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. पण फेरात प्रत्येकाला प्रत्येक जण दिसतो, आणि मंचावर सगळे मिळून अशा लोकांकडे बघतात ज्यांना चूक ओळखताच येत नाही.

बोनच्या फेरात ही सोय अजून शाबूत आहे. जाणती माणसं मचाणावर किंवा आतल्या फेरात असतात, नवखी बाहेरच्या. बाहेरचं एखादं पोर खणण्याऐवजी ढकलायला लागतं, शेजारच्याला धडकतं, मग मान वर करून आत बघतं. आतली एखादी आजी त्याच्यासाठी थांबत नाही, थांबता येतच नाही, ठेका पुढे चाललेला असतो. ती फक्त पुढच्या वेळी फावडं जरा जास्त मोठ्यानं मारते.